तिसऱ्या मजल्यावरचं घर

नाना, भाड्याचं घर बघायला तुम्हाला बरोबर न्यायचं मी नेहमी टाळायचो. तुम्ही आत शिरल्या शिरल्या मोरीतला नळ सोडणार आणि मालकाला सोडून शेजारणीला विचारणार, "उन्हाळ्यात पाणी कितीदा येतं?" इंदिरानगरचा तीन बेडरूमचा फ्लॅट मी भाड्यानं घेतला, तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी, तेव्हा मात्र तुम्ही नळाला हातही लावला नाही. सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "एवढं घर? एकमेकांना फोन करून जेवायला बोलावणार का?" मला राग आला. फर्निचरचा कारखाना जोरात होता. गिऱ्हाईक घरी येतं, त्याला घर दिसायला नको का, असं मी तावातावानं बोललो. सातपूरच्या कंपनीत जन्मभर लेथवर उभ्या राहिलेल्या बापाला धंद्यातलं काय कळणार, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

आता कारखान्याला कुलूप आहे. पुढच्या महिन्यात कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकायचाय. वकीलबाई तरुण आहेत, पण समजुतीनं बोलतात. म्हणाल्या, "अर्जाच्या आधी घर बदला. एवढं भाडं भरणाऱ्या माणसाकडे काही उरलं नाही, हे मी कोर्टाला कसं पटवू?" मग त्यांनी घरखर्चाचा कागद पुढे ओढला. किराणा, दूध, गॅस, आईची औषधं, हे सगळं वाजवी. दर रविवारचं बाहेरचं जेवण काढा. मुलीच्या पोहण्याच्या क्लासपाशी त्यांचं पेन थांबलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच काट मारली. आपल्या घरात काय वाजवी ते परक्या बाईनं सांगायचं आणि मी शाळेतल्या पोरासारखी मान डोलवायची! हसूही येतं नाना, आणि रडूही.

मग घरं बघत फिरलो. एका मालकाला खरं काय ते सांगितलं, तर माझा चहा अर्धा असतानाच त्यानं उठून दार उघडलं. शेवटी म्हसरूळला दोन खोल्या मिळाल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईचे गुडघे तुम्ही होतात तेव्हापासूनच गेलेले. तरी "बघते तर खरं" म्हणून ती आली. पहिल्या मजल्यापर्यंत कशीबशी चढली आणि पायरीवरच बसली. मी पाण्याची बाटली पुढे धरतो, ती घेत नाही. जिन्याच्या जाळीतून वारा येतोय. "लय हवेशीर हाय रे," ती म्हणते. घर तिनं पाहिलेलंच नाही. परत येताना रिक्षात तिनंच विषय काढला, "मी लासलगावला जाते, तुझ्या ताईकडं. तिचं घर खालीच हाय." लेकीच्या दारात राहायचं नाही, असं आयुष्यभर म्हणत आलेली बाई. किती दिवसांसाठी, हे तिनं विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं.

काल तिनं पिशवी भरली. तुमचा फोटो हातात घेऊन माझ्या बायकोला विचारत होती, "ह्यांना मी नेऊ, का तुमच्याकडं राहू देऊ?" मी आतल्या खोलीत निघून गेलो. करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मी दोन महिने सगळ्यांना सांगतोय, आणि ते ऐकून सगळे माझी कीव करतात.

हे पत्र पोचणार नाही, म्हणूनच लिहितो. म्हसरूळच्या आधी मी एकट्यानं सातपूरला तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघितल्या होत्या. भाडं थोडं जास्त, पण आईच्या गुडघ्यांचा डॉक्टरांचा कागद जोडला की चालेल, असं वकीलबाई स्वतः म्हणाल्या होत्या. समोरच्याच दारात आमच्या कारखान्यातला जुना मिस्त्री राहतो. त्याला मी शेवटचे पगार न देताच घरी पाठवलं होतं. मला पाहून त्यानं खुर्ची बाहेर आणली, पुसली आणि म्हणाला, "बसा शेठ."

मी बसलो नाही. घरी येऊन सांगितलं, त्या खोल्या दुसऱ्या कुणी घेतल्या. आईलाही तेच सांगितलं.