डाव्या कोपऱ्यातला कर्णा

डॅड,

मी लिटल रॉकला प्रयोगशाळेत जातेय, संध्याकाळी येईन. बीन्स फ्रिजमध्ये आहेत, कॉर्नब्रेड बिडाच्या तव्यातच झाकून ठेवलाय.

डावा स्पीकर पुन्हा उघडू नका. त्याचे कपॅसिटर मी बदलले, आतला पडदा तुम्ही नवा बसवलात, तरी तुमचं एकच, "डावा कर्णा मेलाय." मी मायक्रोफोन लावून मोजलं, तर दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. त्यावर तुम्ही म्हणालात, "मायक्रोफोनला गाण्यातलं काय कळतंय, पोरी?"

म्हणून काल तुम्ही चर्चला गेल्यावर मी शेजारच्या व्हर्लनला बोलावलं आणि दोन्ही स्पीकरांवरच्या कर्ण्याच्या खोक्यांची अदलाबदल केली. तो म्हणाला, "तुझ्या बापाला कळलं तर मला याच कर्ण्यात कोंबेल." त्याला काही बोलू नका.

परत आल्यावर तुम्ही खुर्चीत बसून नेहमीची रेकॉर्ड लावलीत आणि म्हणालात, "डावा अजून मेलेलाच." पण डावीकडे आता उजवीकडचा तो कर्णा होता, ज्याचं तुम्ही तीस वर्षं कौतुक करताय.

उद्या सकाळी दहाला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. गाडी तुम्ही चालवा. गेल्या महिन्यात मी चालवत होते, म्हणजे डावीकडच्या स्टिअरिंगवर, तुमच्या डाव्या हाताला होते. तेव्हा मी डेन्व्हरच्या नोकरीचं सांगितलं आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मला वाटलं, रागावलात.

उद्या उजवीकडे बसून पुन्हा सांगेन.

नोरीन