ड्रममधलं पाणी कोण घेतं

पुलगाव,
२ डिसेंबर १९९९

प्रिय अपेक्षा,

इकडे सगळे ठीक. बाबांचा खोकला कमी आहे, आईचे गुडघे जसे होते तसेच. तुझ्या माहेरचे सगळे मजेत असतील. पाकिटाच्या जोडावर मी सही केली आहे. ती तुटलेली दिसली तर तुझ्या भावाने आधी फोडलं असं समज. फोन केला की कैलास म्हणतो, "ताई बाजारात गेली." रोज? आष्टीचा बाजार आठवड्यातून एकदाच भरतो, एवढं मलाही कळतं.

ओलिताचे दिवस आहेत. दुकानात रोज दोन-तीन जळालेले पंप येतात. मोटारीत तार गुंडाळून, वाइंडिंग करून बोटं सोलून निघाली.

काचेच्या टाकीत आता दोन मासेच उरलेत. शेवटचं प्रवाळ तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी पांढरं पडलं.

तुला माहीतच आहे, समुद्रातल्या त्या जीवांना आपलं बोरचं पाणी चालत नाही. म्हणून टाकीत घालायचं पाणी यंत्रातून थेंब थेंब गाळून मी निळ्या ड्रममध्ये साठवायचो. झाकण घट्ट, साबण लावायचा नाही, कोणी चमचासुद्धा बुडवायचा नाही. तुम्ही सगळे "योगेंद्रची गंगा" म्हणून हसायचात. तरी दसऱ्याच्या सुमाराला रोज बोटभर पाणी उतरायला लागलं. आधी भांडी घासणाऱ्या कोकिळावर मी नजर ठेवली. मग तुझ्यावर. तुझं सगळ्यांच्या आधी उठणं, आईशी हळू बोलणं, मी आलो की दोघींचं गप्प होणं, सगळं मनात टिपून ठेवलं.

पुढे झिंगा मेला, गोगलगायी मेल्या, प्रवाळं आक्रसली. मी म्हणालो, तूच फिनाइल टाकलंस. तू म्हणालीस, "मी काही टाकलं नाई तुमच्या पाण्यात." मग पाणी कोण घेतं, विचारलं तर तू खाली बघत राहिलीस. "गप्प बसते तीच चोर," असं मी बाबांसमोर म्हणालो. भाऊबीजेला कैलास तुला घ्यायला आला, तेव्हा त्याच्यासमोरही म्हणालो.

आता तरी खरं सांग, कोण घेत होतं?

राहू दे. मला कळलं आहे. हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण हात वळला नाही.

टाकीतलं पाणी बाटलीत भरून मी नागपूरला शोभेचे मासे विकणाऱ्या मोतीलालजींकडे नेलं. त्यांनी औषधाचे थेंब टाकून तपासलं. म्हणाले, फिनाइलचं नाव नाही, तांबं उतरलंय. मासे तग धरतात, प्रवाळ आणि झिंगे मरतात. परतताना गाडीत मला तुझ्या माहेरची तांब्याची घागरच दिसत होती, तीच तू ड्रममध्ये बुडवली असशील म्हणून. घरी येऊन ड्रमचं झाकण काढलं, तर आत माझीच तार लोंबत होती.

पाणी किती घटतं ते मोजायला मीच ती दसऱ्यानंतर सोडली होती. वाइंडिंगची तांब्याची तार, खाली वजनाला पितळी नट. खुणा दिसाव्यात म्हणून वरचं लाखेचं आवरण मीच खरवडलं होतं. चोर पकडायचा होता ना! नट हिरवा झाला होता. मोतीलालजी म्हणतात, असं कोरं पाणी भुकेलं असतं, धातूही खातं.

घरात हे सांगितलं तर आई म्हणाली, "बोरच्या पाण्यात तुरीची दाळ शिजत नाई रे. मीच रोज दाळीचं भांडं, हा गंज भरून पाणी घेत होती. मले वाटे, माह्या गंजानंच मेले तुहे जीव. सूनबाईले म्याच हात जोडले, त्याले सांगजो नको म्हणून."

बाबा म्हणाले, "अन् तू रोज दोन-दोन वाट्या वरपे, दाळ मस्त होऊन राह्यली म्हणे."

या गोष्टीला दहा दिवस झाले. दहा दिवस मी लिहिलं नाही. रोज तुझी एखादी चूक शोधत होतो, म्हणजे निम्मा दोष तरी तुझ्या पदरात टाकता आला असता. एकच सापडली, तू बोलली नाहीस. तेही माझ्या आईसाठी. मला फार लाज वाटते, अपेक्षा.

येत्या बाजाराच्या दिवशी आष्टीला येतो. आई-बाबा सोबत येतो म्हणत होते; मीच नको म्हटलं. ते आले तर तुला नाही म्हणता येणार नाही. चोर म्हणालो ते कैलासदेखत, तेव्हा माफीही त्याच्यादेखतच मागेन. नंतर तू ठरव. यायचं नसेल तर नाही म्हण. का, कशासाठी, कोणी शिकवलं, यातलं काहीही विचारणार नाही. मिळेल त्या एसटीने परत फिरेन.

तुझा म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुझ्याच तोंडून ऐकायला येणारा,
योगेंद्र