माझ्यामागे वेबसाइटला हात कोणी लावायचा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, धंदा वेबसाइट तयार करून देणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोने तो दोनदा वाचला आणि "बघू," म्हणाली. बुधवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक बायकोची. यावर कोणी चर्चा करू नये.

कलम २. दोन्ही मोठे स्क्रीन मुलीला. फिरती खुर्ची मेव्हण्याला. त्याने एका दुपारी फुकटच्या साच्यातून वेबसाइट उभी केली आणि तेव्हापासून तो चारचौघांत स्वतःला डिझायनर म्हणवतो. खुर्चीचे डावे चाक अडकते, हे त्याला आधी सांगू नये.

कलम ३. आता कबुली. काम पुरे झाले की मी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून तासभर शिकवत असे: मजकूर कसा बदलायचा, फोटो कसा चढवायचा. पासवर्डचा कागद हातात देऊन म्हणत असे, "आता वेबसाइट तुमची." मग दर शुक्रवारी सकाळी, चहा घेता घेता, स्वतःजवळ राखून ठेवलेल्या पासवर्डने आत शिरून त्यांनी केलेले बदल पुसून टाकत असे. कोणी विचारलेच, तर "सर्व्हर आपोआप साफसफाई करतो," असे ठोकून देत असे. असा कोणताही सर्व्हर नाही. तो मीच.

माझी बाजूही नोंदवून ठेवतो. दातांच्या डॉक्टरांनी पहिल्याच पानावर किडकी दाढ लावली होती, परातीएवढी. पावाच्या भट्टीवाल्या बाईंनी एका वाक्यात सात रंग भरले. वकिलांनी स्वतःचे चौदा फोटो चढवले, चौदाही फीत कापताना. हे पुसल्याचा मला पश्चात्ताप नाही.

किल्ल्या बनवणाऱ्याचा आहे. त्याने आपला नवा फोन नंबर टाकला, लाल आणि ठळक. लाल माझ्या रंगसंगतीत बसेना, म्हणून पुसला, आणि रंगासोबत नंबरही गेला, जुना तेवढा परत आला. दोन महिने लोक स्वतःच्याच दाराबाहेर उभे राहून बंद पडलेला नंबर फिरवत होते. गेल्या आठवड्यात त्याला घरी बोलावून मी हे सांगितले. तो चिडला नाही. म्हणाला, "अहो, मी कुलूप बसवलं की किल्ल्या सगळ्या देऊन टाकतो. एक खिशात ठेवली, तर लोक मला काय म्हणतील?" या मृत्युपत्राचा पहिला साक्षीदार तोच आहे, मुद्दाम बोलावलेला.

कलम ४. माझी बायको मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. तिची वेबसाइटही माझीच. त्या वेबसाइटवर रिकाम्या निळ्या तलावाचा फोटो होता, कारण माणसे आली की चित्र बिघडते असे माझे मत. मथळा एका ओळीचा: 'प्रौढांसाठी पोहण्याचे वर्ग'. तिने त्याला जोडले, 'भीती वाटत असेल तरी या.' मथळा तुटून दोन ओळींत गेला. शुक्रवारी मी तो सरळ केला. तिने पुन्हा जोडले. हे तीन वर्षे चालले. शेजारच्या खोलीतून येऊन तिने विचारले, तेव्हा सर्व्हरची थाप मी तिलाही मारली.

गेल्या महिन्यात तपासण्यांसाठी मला भरती केले आणि दोन शुक्रवार चुकले. पुन्हा चढवलेली दाढ राहिली, फिती राहिल्या, सातही रंग राहिले. एकाचाही धंदा बसला नाही. भट्टीवाल्या बाईंनी तर सर्व्हर सुधारला म्हणून फोन करून माझे अभिनंदन केले. आणि बायको खाटेशी बसून सांगू लागली, "नऊ जण नवीन आलेत. सगळे घाबरट. एक तर काठच सोडत नाही. पण रोज येतो."

तेव्हा मी तिला खरे काय ते सांगितले. ती म्हणाली, "तीन वर्षं मला वाटत होतं, मलाच जमत नाही."

मी तिचा अपराधी आहे.

कलम ५. पासवर्डची माझी वही फाडून ज्याचे पान त्याला द्यावे, आणि प्रत्येकाने माझ्यासमोर नवा पासवर्ड घालून मला बाहेर काढावे. हे कलम मरणाची वाट न पाहता आजच लागू आहे. भट्टीवाल्या बाईंनी खुशाल आठवाही रंग भरावा. मी वाचलो आणि उद्या गोडीगुलाबीने कोणाकडे पासवर्ड मागू लागलो, तर देऊ नये.

कलम ६. या सगळ्याची अंमलबजावणी बायकोने करावी. यात तिला काही बदलायचे असल्यास मला विचारू नये.

आज सकाळी तिची वेबसाइट उघडली, कोणीही परका माणूस उघडेल तशी. मथळा दोन ओळींत आहे. 'तरी या' खाली एकटे पडले आहे. तलावाच्या जागी ओल्या केसांची नऊ माणसे आहेत, फोटो तिरका आहे आणि एकाने काठ धरलेला आहे. मी त्याच्याकडेच जास्त वेळ पाहत बसलो.

परवा मला आत नेतील. मला भीती वाटते. ही ओळ कोणी पुसू नये.

ठिकाण: आमचे जेवणाचे टेबल
दिनांक: दहा तारीख, सोमवार

(सही) वेबसाइटवाला

आम्ही दोघांनी त्याला सही करताना पाहिले. माणूस ठीक होता.

साक्षीदार १: (सही) किल्ल्या बनवणारा. नवा फोन नंबर खाली लाल शाईने लिहिला आहे.
साक्षीदार २: (सही) दातांचे डॉक्टर