छत्रीशेडचा सहावा खांब

५ नोव्हेंबर, आळेफाटा

वही घेऊन बावीस दिवस झाले. पहिल्या पानावर नुसतं नाव – भागू – आणि चहाचा डाग. रोज म्हणायचो, उद्या लिहू. आज टाळता येणार नाही. आज छत्रीशेडवर नोटीस लागली. 'धोकादायक. तेवीस तारखेच्या सभेत पाडण्याचा ठराव.' जागेवर तीन मजली व्यापारी संकुल.

पेठहून निघालो तेव्हा नाशिकला जायचं होतं. इथं बस चुकली, शेडमध्ये आडवा झालो आणि वर बघितलं. त्याला तीन महिने झाले. नाशिक अजून बघितलेलं नाही.

वर काय बघितलं ते लिहून ठेवतो. भात-कांद्याच्या लिलावासाठी इथल्या खरेदी-विक्री संस्थेने १९६७ साली बांधलेली शेड. सहा खांब, बस्स. भिंत नाही, तुळई नाही. वाऱ्याने छत्री उलटी होते ना, तसं प्रत्येक खांबाच्या डोक्यावर काँक्रीट – कडा वर, मध्य खाली. जाडी चार बोटं! खालून साच्याच्या फळ्यांचे ठसे दिसतात. एकूण एक फळी सरळ, तरी छत वाकलेलं. सरळ फळ्यांनी वाकडं छत कसं केलं असेल, याच विचारात तीन महिने गेले. बारावी नापास माणसाला एवढं पुरे.

७ नोव्हेंबर

हितेशकडे गेलो. संस्थेचा सेक्रेटरी, रस्त्यापलीकडे त्यांची आडत आहे. भांडायच्या तयारीने गेलो होतो, त्याने चहा दिला. इंजिनिअरचा कागदही दाखवला. छतावर पाणी साचून राहतं, खाली झिरपतं, आतलं लोखंड गंजतं.

"पडली कुणाच्या डोक्यावर तर जबाब द्यायला तू येणार का?"

मी म्हटलं, पाणीच काढून टाकलं तर? हसला. पण म्हणाला, सभेच्या आत सगळं छत कोरडं करून दाखव, दुसरा इंजिनिअर बोलवायचा ठराव मी स्वतः मांडतो. शेडवर काय करायचं ते करायला परवानगी दिली. निघताना म्हणतो – पाडा असं पहिल्यांदा आमचे आजोबाच म्हणाले. लालचंदशेठ. त्यांची चाळीस वर्षं त्या शेडमध्ये गेली, तुझे तीन महिने.

हे लागलं. लालचंदशेठ अठ्ठ्याऐंशीचे आहेत. पडल्यापासून दोन वर्षं घराबाहेर आलेले नाहीत, नाहीतर त्यांनाच जाऊन विचारलं असतं. विचारायला जायचं धाडस नाही झालं, हे खरं.

८ नोव्हेंबर

शिडी मागायला सुभाषच्या गॅरेजात गेलो. तिथं दुपारभर जुन्या टायरला नवं रबर कसं चढवतात ते बघत बसलो. शिडी राहिली.

९ नोव्हेंबर

शिडी आणली. चढलो. वर सहा डबकी! गवत, बेडूक, एक बगळासुद्धा. चिखलात हात घातला, कोपरापर्यंत गेला. पाण्याला कुठूनच वाट नाही. बांधणारा एवढा हुशार, आणि एवढं कळलं नसेल?

१२ नोव्हेंबर, तळेघर

इकडे यायचं काहीच कारण नव्हतं. जीपमध्ये जागा होती, बसलो. पण बरं झालं!

खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. मीही चार पेंढ्या झोडल्या. झुंबरबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांनी विचारलं कुठले. आळेफाटा म्हटल्याबरोबर म्हणाल्या, तिथल्या छतावर मी घमेली वाहिलीत.

पंधरा वर्षांच्या होत्या. माल ओतायला लागलं की मध्ये थांबायचं नाही, थांबलात तर सांध्यात तडा जाईल, असं साहेबाने बजावलं होतं. ठेकेदाराचे मजूर पुरेनात. मग या लोकांनी पडकई केली. म्हणजे लावणीला करतात तशी – घरटी एक माणूस, आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. शेडमध्ये त्यांचंच भात विकलं जाणार होतं, म्हणून. एका दिवसात एक छत्री. मग साचा सुटेपर्यंत थांबायचं, मग पुढची.

मी म्हटलं, आता वर पाणी साचतं, म्हणून पाडतायत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की लाज वाटली.

"खाचराच्या बांधाला पानी जायला वाट ठिवत्यात का न्हाई? तशीच ठिवली व्हती. खांबाच्या पोटात नळ हाय, पावणं. खाली बघा. वर काय बघताय?"

तीन महिने मी वरच बघत होतो.

१४ नोव्हेंबर

सुभाषने पहार, हातोडी आणि स्वतःला दिलं. खांबांच्या बुडाशी ठोकत गेलो. पहिल्याच खांबाला एका जागी आवाज पोकळ! फोडलं – आत सिमेंटचा बोळा, मुद्दाम ठासलेला. वरून वायर सारली. आधी कुजकं गवत, मग काळा गाळ, मग पाणी. अर्धा तास वाहत होतं. हमाल काम सोडून बघायला आले.

कुणी बुजवलं असेल?

१७ नोव्हेंबर

पाच खांब मोकळे. पाच छत्र्या कोरड्या. बगळा गेला.

२० नोव्हेंबर

सहावा काही दाद देईना. तीन बाजूंनी फोडला, घट्ट आहे. वरून वायर खालपर्यंत जाते आणि अडते. सुभाष म्हणाला, "आता अजून ठोकलंस तर खांब तूच पाडशील. मग सभेची गरज न्हाई राहायची." पहार काढून घेतली माझ्याकडून. बरोबरच आहे त्याचं.

हितेश येऊन बघून गेला. पाच बघितले, सहावा बघितला. म्हणाला, सगळं छत म्हणालो होतो.

२१ नोव्हेंबर

बादलीने पाणी उपसलं. खालचा गाळ निघत नाही, झिरपतंच आहे. उद्या पुन्हा. नाशिकची बस दोनदा समोरून गेली, चढलो नाही.

२२ नोव्हेंबर, सकाळी अकरा

छतावरून उतरत होतो. खाली रिक्षा थांबली. आतून लालचंदशेठ!

एका बाजूने हितेशने धरलंय, त्यालाही काही माहीत नसावं. शेठनी पायातलं काढलं. सहाव्या खांबाकडे बघितलंही नाही. त्याच्या चौथ्या बाजूला लागून जुन्या वजनकाट्याचा ओटा आहे, तिथवर गेले आणि फरशीवर काठी टेकवली.

"इथं फोड. ओटा नंतरचा आहे, नळाचं तोंड त्याच्याखाली गेलं. नळांचं पाणी फरशीवर यायचं, लिलावाला पोती भिजायची म्हणून सहाच्या सहा मीच बुजवले." मग म्हणाले, "शेड पाडली असती तर कुणी बुजवले हे कुणी विचारलं नसतं."

सुभाष पहार घेऊन येतोय.