बाबांचं मत

यासेनिक,
शुक्रवार, ७ जून

प्रिय वुकाशिनदादा,

तुझा खोकला कसा आहे? आईने लिंडनच्या फुलांचं पुडकं बांधून दिलंय. ते आणि हे पत्र श्टुटगार्टच्या बसवाल्याकडे देते आहे. फुलं उकळू नकोस, वरून गरम पाणी ओत, असं आई तीनदा म्हणाली. यंदा चेरी पिकायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली. निम्म्या चेरी झाडावरच फुटल्या. उरलेल्यांचा आईने मुरंबा केला, पण तो पातळ झालाय. तुझ्या मांजरीला पिल्लं झाली. सगळी काळी.

तू दर रविवारी फोनवर विचारतोस, बाबा कुठे आहेत? मी सांगते, मळ्यात आहेत, अंघोळीला गेलेत. एवढ्या अंघोळी कोण करतं! तुलाही ते कळत असणार. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू गप्प झालास की मला पुढचं बोलता येत नाही.

आधी निवडणुकीचं सांगते.

तू गेलास तेव्हा आम्ही कसे होतो ते तुला माहीत आहे. मतदानाच्या दिवशी सगळे नदीवर. टरबूज, बियर, पोहणं. रेल्या म्हणायचा, "मत दिलं तर आमच्या घरचा वायफाय जोरात चालेल का? मग कशाला उन्हात उभं राहायचं?" आम्ही हसायचो. प्रत्येकाचा जर्मनचा क्लास चालू होता, प्रत्येकाचं मनातलं सामान बांधून तयार होतं. ज्या गावात राहायचंच नाही, तिथली नगरपालिका कोणाची का असेना.

मग आमच्यातला स्ट्राहिन्या गेला. 'वाटेत गेला' एवढंच मी तुला फोनवर म्हणाले होते. वाट कुठली ते सांगितलं नव्हतं.

वीटभट्टीमागच्या मैदानावर खेळता खेळता तो खाली बसला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "थांबा रे, जरा थांबा." गावातलं ॲम्ब्युलन्सचं ठाणं गेल्या वर्षीच्या वसंत ऋतूपासून 'दुरुस्तीसाठी' बंद होतं. तिथल्या दारावर कुलूप होतं आणि चौकात त्याच महिन्यात रंगीत दिव्यांचं कारंजं सुरू झालं होतं. जिल्ह्याच्या गावाहून गाडी निघाली आहे, असं फोनवरची बाई सांगत राहिली. शेवटी आम्ही त्याला रेल्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा घातला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, लांबच लांब, लाकडांनी भरलेली. रेल्या हॉर्न वाजवत होता. कोणासाठी वाजवत होता, देव जाणे. मालगाडी जाऊन फाटक वर गेलं तेव्हा स्ट्राहिन्याने माझा हात सोडलेला होता. मी रेल्याला सांगितलं नाही. त्याला तशीच गाडी चालवू दिली.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आम्ही सगळे कबरीपाशी गेलो. त्याच्या आईने उकडलेले गहू वाटले, मातीवर वाइन ओतली आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही त्याचे मित्र ना? मग आता काय करणार आहात? जर्मनीला जाणार?"

त्यात टोमणा नव्हता, दादा. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणूनच कोणाला उत्तर देता आलं नाही.

तेओदोरा तेव्हा कायद्याची परीक्षा अर्धी टाकून घरी आली होती. तिनेच पहिल्यांदा म्हटलं, "नगरपालिकेची निवडणूक मेमध्ये आहे. आपण स्वतःची यादी उभी करू." रेल्या म्हणाला, "आपण? मला मतदान केंद्र कुठे आहे तेही माहीत नाही." ती म्हणाली, "तेच शोधण्यापासून सुरुवात करू." यादीचं नाव ठेवलं 'ॲम्ब्युलन्स परत आणा'. यापेक्षा भारी नाव कोणाला सुचलं नाही, आणि नंतर बदलावंसंही वाटलं नाही.

घरोघर फिरलो. शेजारच्या कोसाकाकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "मतं मागता? काल-परवापर्यंत तुमची नाकं मी पुसत होते!"

"म्हणूनच पहिल्यांदा तुमच्याकडे आलो," रेल्या म्हणाला.

"टीव्हीवर सांगतात, तुम्हाला बाहेरच्या देशातून पैसे येतात."

रेल्याने पाय वर करून बुटाचा तळ दाखवला. "काकू, तसे येत असते तर मी हे घालून आलो असतो का?"

त्यांनी आमच्या यादीला पाठिंब्याची सही केली, पण पडदे ओढून घेऊन. तसं बऱ्याच घरांत झालं. लोक स्वयंपाकघरात हळू आवाजात आशीर्वाद द्यायचे आणि रस्त्यावर ओळख दाखवायचे नाहीत.

बाबा विरोधात एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, तेही सूप पिता पिता, "पोस्टर लावायचीच असतील तर आपल्या गल्लीत नकोत. सकाळी आम्हा पाणीपुरवठ्याच्या माणसांनाच खरवडायला पाठवतात." एकदा मी त्यांना पाहिलं. शाळेच्या भिंतीवर स्ट्राहिन्याचा फोटो असलेलं पोस्टर होतं. ते ओल्या फडक्याने कडा भिजवत होते, हळूहळू सोलत होते, चेहरा फाटणार नाही अशा बेताने. मग घडी करून त्यांनी ते खिशात ठेवलं. मी हाक न मारता दुसऱ्या रस्त्याने गेले.

मतदानाच्या दिवशी मी आपल्या जुन्या शाळेतल्या केंद्रावर होते. समितीत आमच्या यादीतर्फे मी, सत्तेतल्यांच्या यादीतर्फे पाणीपुरवठ्याचा एक माणूस, आणि अध्यक्ष म्हणून आपल्या भूगोलाच्या बाई. सकाळीच दोन जणांनी पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतपत्रिकेचे फोटो काढले होते. कोणाला मत दिलं ते साहेबाला दाखवायला. मी हरकत घेतली, बाईंनी नोंद केली. तिसऱ्यांदा पुन्हा फोटो काढल्याचा आवाज आला. मोबाइलचा. खोलीत सगळ्यांनी ऐकला.

आडोशामागे बाबा होते.

त्यांना तो आवाज बंद करता येत नाही, दादा. तूच दिलेला फोन आहे. सेटिंग मीच लावून द्यायची असते.

ते बाहेर आले. अंगात सणाला घालतात तो पांढरा शर्ट होता. भूगोलाच्या बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांचा माणूस माझ्याकडे वळून हसला. "काय गं दुन्या, आता? की कायदा फक्त दुसऱ्यांच्या बापांना?"

मी म्हणाले, "लिहा."

बाई म्हणाल्या, "काय लिहू?"

"मिलोराद यांनी फोटो काढला. माझ्या वडिलांनी. लिहा."

बाबांनी फक्त ओळखपत्र परत मागितलं. ते खिशात घालताना त्यांना खिसा सापडेना.

त्या रात्रीपासून ते मळ्यातल्या खोपीत राहतात. तिथूनच कामावर जातात. आई डबा नेऊन देते. मी गेले होते, त्यांनी दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता.

आणि गेल्या आठवड्यात आईने मला खरं काय ते सांगितलं. बालवाडीच्या स्वयंपाकघरातलं तिचं काम दर तीन महिन्यांनी नवीन सहीवर चालतं, तुला ठाऊक आहे. आता त्या सह्याही पाणीपुरवठ्याच्या डायरेक्टरच्या हातात आहेत, पक्ष त्याचाच. त्याने बाबांना बोलावून म्हटलं होतं, "बायकोचा कागद माझ्याच टेबलावर आहे, मिलोराद. एक फोटो आण, मी सही करतो." बाबांनी घरात कोणाला सांगितलं नाही. मला तर नाहीच. सांगितलं असतं तर मी त्या खोलीत काय केलं असतं, हे मी स्वतःला रोज विचारते, आणि रोज उत्तर वेगळं येतं.

आईचं काम गेलं. ती आता दिवसभर खिडक्या पुसते. पुसलेल्याच पुन्हा पुसते.

आमच्या तक्रारीवरून त्या केंद्रावरचं मतदान रद्द झालं. ना त्यांना बहुमत आहे, ना बाकीच्यांना, सगळं त्या एका खोलीवर अडलंय. परवा रविवारी पुन्हा मतदान. बाबांचं नाव त्याच यादीत आहे आणि मी त्याच टेबलावर बसणार आहे. आई म्हणते, आजारी आहे असं कळव. तेओदोरा म्हणते, तू उठलीस तर आपल्या बाजूचं तिथे कोणीच नाही.

तू बाबांना फोन करू नकोस. किंवा कर. मला काही कळत नाही. एवढंच सांग, की मी वाईट मुलगी नाही. खरं वाटत नसेल तर नको सांगूस.

तुझी
दुन्या


यासेनिक,
मंगळवार, २ जुलै

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. आईसाठी पाठवलेली गोळ्यांची बाटलीही. तुझा राग वाचला. तू लिहिलंस, 'त्या क्षणी तुला गप्प बसता आलं नसतं का?' आलं असतं. ते सगळ्यांत सोपं होतं. सगळी खोली माझ्यासाठी गप्प बसायला तयार होती.

आता रविवारचं ऐक. बाकीच्यांकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

शाळेच्या फाटकावर सकाळपासून अनोळखी माणसं उभी होती, काळे टी-शर्ट, दंड हे एवढे. शेजारच्या तालुक्यातून आणलेली. पोलिसांची गाडी सावलीत होती, काच वर. रेल्याने त्यांचा फोटो काढला तर त्याला भिंतीमागे नेलं. परत आला तेव्हा पुढचे दोन दात नव्हते. तशातही म्हणाला, "बघ, आता ॲम्ब्युलन्स मलाही लागणार." आणि मग कोपऱ्यात जाऊन रडला. त्याला मी स्ट्राहिन्याच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

बाबा दुपारी आले. तोच शर्ट, धुतलेला, पण इस्त्री नाही. दारात डायरेक्टरचा माणूस उभा होता. बाबांनी मोबाइल काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवला. मतपत्रिका घेतली, आडोशामागे गेले, लगेच बाहेर आले. घडी घातली नव्हती. दोन्ही हातांनी कागद छातीपाशी उघडा धरलेला. सत्तेतल्यांच्या यादीच्या आकड्याभोवती पेनचा मोठा, जाड गोल.

आधी त्यांनी तो दारातल्या माणसाला दाखवला. मग माझ्याकडे आले.

"नीट दिसतंय ना, दुन्या?"

मी त्या गोलाकडे पाहिलं.

"फोटोची भानगडच नको. उघडं मत दाखवणंही कायद्यात बसत नाही ना? मग लिही."

भूगोलाच्या बाई रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, "मिलोराद, घडी घाल, पेटीत टाक आणि घरी जा. कोणी काही पाहिलेलं नाही."

"तिने पाहिलंय," बाबा म्हणाले.

ते माझ्यावर सूड घेत होते की माझी परीक्षा पाहत होते, ते मला त्या वेळी कळलं नाही. मला एवढंच दिसत होतं की खोलीत दोनच माणसं आहेत आणि दोघांनाही बाहेर जायला दार नाही.

मी बाईंच्या हातून नोंदीचा कागद घेतला आणि स्वतः लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की बाईंना शेजारी पुन्हा लिहावं लागलं. बाबांनी ते होईपर्यंत वाट पाहिली, मग मत पेटीत टाकलं, मोबाइल घेतला आणि गेले.

आम्ही ते केंद्र हरलो. पहिल्यापेक्षा जास्त फरकाने. ज्यांनी आधी आम्हाला मत दिलं होतं, त्यातले कित्येक फाटकावरची ती माणसं पाहून परत फिरले. कोसाकाकू आल्या, काठी टेकत. जाताना माझ्या गालावर हात ठेवून गेल्या. नगरपालिका सत्तेतल्यांचीच राहिली. आमच्या यादीतले चौघे निवडून आले, त्यात मी आहे. दुसऱ्या वेळची माझी नोंद कोणी वाचलीही नाही.

आणि आठवड्याच्या आत बाबांना कामावरून काढलं. 'पदांची पुनर्रचना.' त्यांनी मत उघडं दाखवलं होतं, सगळ्या गावासमोर दाखवलं होतं. तरी काढलं. बाबा विचारायला गेले तेव्हा डायरेक्टर म्हणाला म्हणे, "तुझ्या मताचं काय घेऊन बसलास? तुझी पोरगी कुठे बसते ते बघ." आईचं कामही परत मिळालं नाही.

खोपीतून ते सामान घेऊन आले, रेडिओ आणि एक घोंगडी. स्वयंपाकघरात बसले. मी बीन्सचं सूप वाढलं. आई मुद्दाम अंगणात गेली.

मी म्हणाले, "बाबा, माझ्यामुळे झालं हे."

त्यांनी ब्रेडचे तुकडे केले. मग म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो ना, तर मी काही पाहिलंच नसतं. तीस वर्षं तेच करत आलो. त्या ठाण्याला कुलूप लावलं, तेव्हा तिथलं पाणी बंद करायला मलाच पाठवलं होतं. मी नळ फिरवला आणि जेवायला घरी आलो."

मला हे माहीत नव्हतं, दादा. तुलाही नसणार.

"मग त्या दिवशी लिही का म्हणालात?" मी विचारलं.

"मला वाटलं होतं, तू या वेळी सोडशील. सोडलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. माझ्यासारखीच निघाली म्हणून." त्यांनी चमचा उचलला. "सूपात मीठ कमी आहे."

एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी रोजचं बोलतात. ब्रेड आण, दार लाव. पण माझ्याकडे पाहत नाहीत.

काल सभागृहाची पहिली बैठक झाली. मी उभी राहून ॲम्ब्युलन्सचं विचारलं. दुसऱ्या वाक्याला माइक बंद केला. मी तशीच बोलत राहिले, ते आपापसात गप्पा मारत राहिले, एक जण सफरचंद सोलत होता. ठाण्याला अजून कुलूप आहे. रेल्याने नवे दात बसवले नाहीत. पुढच्या महिन्यात तो निघतोय, तुझ्याच शहरात, त्याला सांभाळ. तेओदोरा राहते म्हणते. किती दिवस, ते मी विचारलं नाही.

तू लिहिलंस, तिघंही या, जागा लहान आहे पण भागेल. आईला न्यायचं बघ. ती तिथे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात कामाला लागेल, आणि तिला खिडक्यांपासून दूर नेणं गरजेचं आहे. बाबा नाही म्हणाले. मी जर्मनच्या परीक्षेतून नाव मागे घेतलं. यात मोठं काही नाही. स्ट्राहिन्याच्या आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही, आणि ते न देता तिच्या दारावरून स्टेशनला जाणं मला जमणार नाही.

हा महिना पावसाचा नाही, तरी जिल्ह्याचा रस्ता खचलाय. आता तिथून ॲम्ब्युलन्स यायला आणखी वेळ लागतो. बाबांच्या छातीत अधूनमधून कळ येते. ते सांगत नाहीत. मी पाहते.

तुझी बहीण, मिलोरादची मुलगी,
दुन्या