सुरय्याचे तीन मंत्र

सोलापूर, रविवार, ८ ऑक्टोबर १९७८

१. दादाने अमेरिकेहून धाडलेला गुहेचा खेळ, ज्यात प्रत्येकीने एक पात्र व्हायचे, आज मैत्रिणींबरोबर चौथ्या रविवारी खेळलो. फाशांचे, वारांचे, मंत्रांचे नियम मीच बसवलेले.
२. महादेवीच्या योद्ध्याने सतरा वार केले. तलवारीला मर्यादा नाही.
३. सुरय्याच्या मांत्रिकाने काहीच केले नाही. तिचे तीन मंत्र पहिल्याच रविवारी संपले होते.
४. सुरय्या उठून गेली.

मांत्रिक रात्रभर झोपला की मंत्र परत मिळतात. गुहेतल्या एका दिवसात तीन मंत्र आणि फार तर वीस वार होतील असे मी धरले होते; कागदावर बरोबरी होती. पण दिवेलागणीला आम्ही घरी जातो आणि पुढच्या रविवारी खेळ तिथूनच सुरू होतो. गुहेत अजून पहिलाच दिवस चालू आहे. पॉलिटेक्निकमध्ये पहिली आलेल्या मला हे महिनाभर दिसले नाही?

"गुहेत एक रात्र झोपू या की गं," उठून जाण्याआधी सुरय्या म्हणाली होती.

"लढाई सोडून झोपायचं व्हय? लई आळशी बाई तुझा मांत्रिक!" महादेवी हसली.

मी नियमावर बोट ठेवले. तीन मंत्र. तीन रविवार नुसती बसून होती ती.

लग्न होऊन ती गुलबर्ग्याला जाईल. त्याआधी दोनच रविवार उरलेत. तिने का यावे?

उद्या चिठ्ठी द्यायची, एवढीच: "सुरय्या, चूक माझ्या नियमात होती. येणार का, ते गुरुवारपर्यंत कळव."