प्रिन्सीचे पाय

२३ ऑक्टोबर

आज परत तेच! न्याहारीला घावणे वाढत होते, आमच्या भाड्याच्या खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांच्या समोर सासूबाई म्हणाल्या, "धा म्हयन्याचा होत इला, अजून रांगणा नाय. पायांत जोर नाय तेच्या." पुण्याच्या बाईंनी लगेच घास थांबवून प्रिन्सीकडे बघितलं. बिचारी, अशा अर्थाने! माझं डोकंच फिरलं. परात तिथेच ठेवली आणि मुलीला उचलून आत आले.

जोर नाही म्हणे! रात्री माझ्या पोटात लाथ बसते ती काय वाऱ्याची?

२५ ऑक्टोबर

आज एक गोष्ट बघितली. लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल मी मनाने रचलं.

सासूबाईंना सगळी वाडी जेसिंतामाय म्हणते, मीही मायच म्हणते. तर माय मागच्या पडवीत पाय लांब करून बसली, पायांवर प्रिन्सीला घेतलं, तेल लावलं, आंघोळ घातली. तेव्हा ही पोरगी काय पाय झाडत होती! दोन्ही गुडघे पोटाशी आणि धाडकन सरळ. माय नखशिखांत भिजली. नंतर अंग पुसलं, मी डायपर बांधला आणि चटईवर ठेवलं — संपलं. पाय फाकलेले, गुडघे बाहेर, नुसती पडून. पोटावर पालथी केली तर ढुंगण वर आणि तोंड जमिनीला!

मी डायपर परत काढला. पाय सुरू. परत बांधला. बंद.

हे डायपर विनीताचे. विनीता म्हणजे माझ्या नवऱ्याची, मॅक्सवेलची बहीण, म्हापशाला असते. तिने दोन खोके पाठवले — एक साईझ मोठा, "म्हणजे पुरतील", आणि जाडजूड, "म्हणजे दिवसभर टिकतील". टिकतात! वर बरगड्यांपर्यंत येतात आणि मधे एवढा जाड गठ्ठा की मांड्या एकमेकींना भेटतच नाहीत. भरला की गुडघ्यापर्यंत लोंबतो. पाहुण्यांचं घर, टाइल्स स्वच्छ राहिल्या पाहिजेत, म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत ती त्यातच.

पोरगी रांगणार कशी, डोंबल!

२६ ऑक्टोबर

दुपारी खोलीचं दार लावून मोठा टॉवेल घडी केला, मांड्यांच्या मधे घट्ट बांधला आणि रांगायला बघितलं. दोन हात पुढे गेले आणि तोंडावर आपटले. गुडघा आत येतच नाही! चालून बघितलं तर बदकीण.

नेमका मॅक्सवेल चादरी न्यायला आला. "जॉयसी, तुका काय झाला?"

टॉवेल सोडून त्याच्या हातात दिला. म्हटलं, "बांद आणि रांगान दाखय!"

तो हसत सुटला. मग मी हसत नाही बघितल्यावर गप झाला. बांधला मात्र नाही. घाबरट! जाताना म्हणाला, "मायक सांगू नको."

का नको? सांगितलंच.

२८ ऑक्टोबर

माय म्हणते, "माका शिकवू नको. तीन पोरां वाढवलंय." मी विचारलं, त्या तिघांना डायपर होता का? तर म्हणे तेव्हा घरात पाहुणे नव्हते.

म्हणजे कबूलच केलं की!

१ नोव्हेंबर

कट्टा गावच्या बाजारातून काही आणलं नाही. घरातलीच मायची जुनी मऊ साडी फाडली. मधे अगदी अरुंद, कमरेला नाडी, मांड्या पूर्ण मोकळ्या. विनीताचा डायपर समोर ठेवून त्याच्या बरोबर उलटं करत गेले. पहिला सैल झाला, दुसरा करकचला, तिसरा जमला.

मायने बघितलं आणि कपाळावर हात मारला. "काष्टी? चेडवाक? रापणीर धाडतलंस काय तेका, जाळी ओढूक?"

म्हटलं, धाडेन. आधी तिथपर्यंत रांगत जाऊ दे.

खरं सांगायचं तर रापणीवर जाळं ओढणाऱ्या म्हाताऱ्या पाग्यासारखीच दिसत होती. मी पण हसले. पण पाय! पाय कसे चालले होते!

४ नोव्हेंबर

दोन नंबरच्या खोलीतल्या चादरीवर. पडवीत. मॅक्सवेलच्या पँटवर. विनीताचे डायपर आता फरशी पुसायला काढलेत, पाणी काय शोषतात! एक नंबर.

७ नोव्हेंबर

दोन तास बाहेर गेले तर परत आल्यावर डायपर बांधलेला! मायने. मी तिच्यासमोर सोडला आणि कचऱ्यात टाकला. मग माय बोलली. "पाव्हण्यांका काय सांगू? घरभर मुताचा वास येता म्हणान?"

म्हटलं, सांगा की या घरात बाळ आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी दुसरीकडे जावं, किनाऱ्याला खोल्या काय कमी आहेत?

मॅक्सवेल दारात उभा राहून आधी इकडे, मग तिकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "हळू बोला, पाव्हणे आसत."

ऐकू दे पाव्हण्यांना!

१५ नोव्हेंबर

विनीताचा फोन. स्पीकरवर. "जॉयसी, हट्ट पुरे. अकरावा लागला. डॉक्टराक दाखय, पायांत कायतरी आसा."

"तुझ्या डोक्यात आसा," म्हटलं आणि फोन ठेवला. आता नणंद म्हणून वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. घेईन.

मायचंही तेच चाललंय: कणकवलीला नेऊया, डॉक्टराक दाखवया. मी नेणार नाही. धडधाकट मुलीला एकदा दवाखान्याच्या बाकावर बसवलं की सगळ्या वाडीत ती आजारी ठरली. मग चर्चमध्ये प्रत्येक बाई पायच बघणार. तिला काहीही झालेलं नाही. झालंय ते त्या गठ्ठ्यामुळे, आणि तो मी काढलाय. थोडा वेळ द्या ना तिला! कोणी थोडा वेळ देत नाही.

२४ नोव्हेंबर

पोटावर सरकली! रांगणं नव्हे, पण स्वतःच्या स्वतः, चटईच्या बाहेर. सगळे जेवत होते. हाका मारून बोलावलं. कोणी येईपर्यंत सरकायची थांबली. तिचंही नशीब माझ्यासारखंच.

३ डिसेंबर

माय पहाटे गोव्याला गेली, सायबाच्या, म्हणजे आमच्या संताच्या, फेस्ताला. संध्याकाळी आली तेव्हा शेजारच्या काशीबाईला सांगताना मी ऐकलं — प्रिन्सीच्या नावाने मेणाचे पाय वाहिले! मेणाचे पाय! जे लोक चालू शकत नाहीत त्यांचे वाहतात ते!

स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं. मायने डोळे वर केले नाहीत, नारळ खवत राहिली. "माका तेची काळजी नाय काय?"

मी खूप बोलले. नको तेही बोलले. म्हटलं, तुम्हाला ती लंगडी व्हायला हवी आहे म्हणजे माझी चूक सिद्ध होईल. मायने विळी आडवी केली आणि उठून गेली. सोलकढी मीच केली, खारट झाली.

मागे घेणार नाही. एक शब्दही नाही.

९ डिसेंबर

अबोला. फक्त प्रिन्सी दोघींशी बोलते.

घरापुढचं खळं यंदा मीच सारवलं. वाळल्यावर तिला तिथे सोडते. टाइल्सवर गुडघे घसरतात, इथे रोवले जातात. ढुंगण उघडं, उन्हात. येणारे जाणारे बघतात. बघू देत.

१८ डिसेंबर

रांगली! रांगली! रांगली!

मायने मांजरीला बांगड्याचं डोकं टाकलं होतं खळ्याच्या कडेला. प्रिन्सीने बघितलं. हात टाकला, गुडघा टाकला, परत हात — आणि गेली की! मांजर डोकं घेऊन पळाली, ही मागून. मी किंचाळले. माय हातातलं सूप टाकून धावत आली. "सायबा माज्या!" म्हणाली आणि खळ्यातच बसली. रडत होती. मीही.

मॅक्सवेलने व्हिडिओ काढला. मी तो विनीताला पाठवला, वाडीच्या ग्रुपवर टाकला, चर्चच्या ग्रुपवर टाकला, त्या पुण्याच्या बाईंनाही पाठवला. खाली लिहिलं: "पायांत जोर नसलेली मुलगी."

विनीताचं उत्तर नाही. नको मला! मायने जेवताना माझ्या ताटात सुरमईचा मधला तुकडा वाढला. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

मी बरोबर होते. परत लिहिते: मी बरोबर होते!

२० डिसेंबर

व्हिडिओ परत लावला, मजा म्हणून. उजवा गुडघा पुढे टाकते. डावा पाय टाकत नाही — मागून ओढत नेते. दर वेळी.

दमली असेल.

२१ डिसेंबर

दमली नव्हती. आज सकाळी खळ्यात बघितलं, झोपून उठल्या उठल्या. पालथी केली तेव्हा डाव्या मांडीची वळीही वेगळी. रोज धुते, पुसते, हे कसं दिसलं नाही मला? मॅक्सवेलला गाडी काढायला सांगितली. कणकवली. तो विचारत होता कशाला. माय साडी बदलून पुढे येऊन बसली.

२३ डिसेंबर

एक्स-रे आला. डावा खुबा जागेवर नाही. जन्मापासूनच सांधा सैल असणार, डॉक्टर म्हणाले. डायपरने झालेलं नाही. पायांत जोर भरपूर आहे, तेही म्हणाले. आणि मोकळी सोडलीत म्हणून आत्ता दिसलं, एरवी चालायला लागून लंगडेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नसतं. सोमवारी कोल्हापूर. भूल देऊन सांधा बसवायचा, मग कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टर. काही महिने.

मला वाटलं आता माय बोलेल. बोलण्याचा हक्कच होता तिचा. घरी आल्यावर तिने सगळ्या खोल्यांची दारं उघडली, पाहुण्यांचीसुद्धा, प्रिन्सीची काष्टी सोडली आणि तिला खाली ठेवलं. म्हणाली, "सोमारपर्यंत तेका कोणीव उचलूचा नाय. खंय व्हया थंय रांगांदे."